लायबेरियाची वृत्तपत्रे : कायदा आणि भाकरी



बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ सुरू केले, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच्या सहा वर्षे आधी, १८२६ मध्ये, पश्चिम आफ्रिकेतल्या मोनरोव्हियात ‘लायबेरिया हेराल्ड’ निघाले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. परंपरा एवढी जुनी, तरी त्या देशात निर्भीड पत्रकाराला आजही सुखाने जगता येत नाही. का, ते पाहू.

पहिली अडचण सत्तेची. केनेथ बेस्ट यांनी १९८१ मध्ये ‘डेली ऑब्झर्व्हर’ काढले. सॅम्युएल डो यांच्या राजवटीने ते वारंवार बंद पाडले. १९९० च्या यादवीत कचेरी जळाली. बेस्ट गांबियात गेले आणि तिथे त्याच नावाचे दैनिक उभे केले. १९९४ मध्ये तिथल्या लष्करी सरकारनेही त्यांना घालवून दिले. पुढे मायदेशी परतून त्यांनी पत्र पुन्हा चालू केले.

२००३ मध्ये यादवी संपली, निवडणुका झाल्या. आता बंदुकीची जागा दाव्यांनी घेतली. ‘फ्रंटपेज आफ्रिका’चे संपादक रॉडनी सीह यांच्यावर एका माजी मंत्र्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. भरपाई ठरली पंधरा लाख डॉलर! ती भरता न आल्याने २०१३ मध्ये त्यांना तुरुंगात टाकले, पत्रही बंद पाडले. भरपाई फिटेपर्यंत आत राहायचे तर हिशेब पाच हजार वर्षांवर जात होता. लोकांच्या आणि बाहेरच्या दडपणामुळे काही महिन्यांत ते सुटले.

याच पत्राच्या मे अझांगो यांनी ८ मार्च २०१२ रोजी मुलींच्या खतन्याविषयी लिहिले. धमक्या इतक्या आल्या, की त्यांना मुलीसह लपून राहावे लागले. एक डॉक्टर म्हणून मला वाटते, ती बातमी म्हणजे आरोग्यसेवाच होती.

२०१९ च्या कायद्याने बदनामी हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. मोठी गोष्ट झाली. पण दिवाणी दाव्याची टांगती तलवार राहिलीच.

आणि तिसरी अडचण कोणत्याही कायद्याने सुटत नाही. ती पोटाची. बातमीदाराचा पगार तुटपुंजा, तोही वेळेवर नाही. पत्रकार परिषद संपली की बोलावणारा गाडीभाड्याच्या नावाखाली हातावर पैसे ठेवतो. याला तिथे ‘काटो’ म्हणतात. ज्याचे पैसे खिशात, त्याला अडचणीचा प्रश्न कोण विचारणार? सरकारी जाहिरातींची बिले थकली की मालकही नरमतो. वाचकाला हे कळते, आणि त्याचा विश्वास उडतो.

विश्वास उडाला की काय होते, ते २०१४ मध्ये इबोलाने दाखवले. परदेशी मदत लाटण्यासाठी सरकारने रोगाची हूल उठवली आहे, असे अनेकांना वाटले. लोकांनी रुग्ण घरात लपवले. त्या साथीत एकट्या लायबेरियात ४,८०० हून अधिक माणसे गेली. आमच्या होमिओपॅथीत सांगतात, लक्षण दडपले म्हणजे रोग गेला असे नव्हे. बातमीचेही तसेच आहे.

तरीही कुणीतरी उभे राहतेच. मोनरोव्हियात रस्त्याकडेला आल्फ्रेड सरलीफ यांनी २००० साली ‘डेली टॉक’ सुरू केले. हे वर्तमानपत्र म्हणजे खडूने लिहिलेला एक फळा. वर्तमानपत्र विकत घेणे परवडत नाही, असे लोक उभ्याउभ्या वाचतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खुणा टांगलेल्या असत : निळे शिरस्त्राण म्हणजे तेव्हा तिथे असलेली संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना. चार्ल्स टेलर यांच्या काळात हा फळा फोडला गेला. सरलीफ यांनी तो पुन्हा उभा केला. वाचणारेच त्यांना थोडेफार पैसे देतात.

तेव्हा वाचकहो, स्वतंत्र पत्राचा खर्च कुणीतरी सोसतोच. वाचकाने सोसला नाही तर पुढारी सोसतो, आणि मग पत्र त्याचे होते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी नियतकालिके जगवू पाहणाऱ्या आपल्याला वर्गणीचे मोल वेगळे सांगायला नको. यंदाची वर्गणी भरताना मोनरोव्हियातल्या त्या फळ्याची आठवण ठेवा, एवढीच विनंती.