आरोपी नंबर एक : खेकडा
(अंबड, नाशिक इथल्या युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत माल उतरवणारा हमाल. शिक्षण दहावी. कविता करतो, पण आज कविता नाही. आज लोखंडाबद्दल बोलायचंय.

जहाजातून सळयांचे भारे आम्ही उतरवतो. एक भारा कमी भरला तर मुकादम गेटवर उभं करतो, खाडा मांडतो. आमच्याकडून एकेका भाऱ्याचा हिशोब घेतात. धरणातल्या सळयांचा हिशोब कुणाकडून घेतात?

१२ जुलै १९६१. पुण्याच्या वर, आंबी नदीवरचं पानशेत धरण सकाळी फुटलं. मातीचं धरण. काम पुरं व्हायचं होतं, तरी पाणी अडवलं. धरणाच्या पोटातून पाणी सोडायची मोरी जाते, तिच्या काँक्रीटमध्ये सळया पाहिजे होत्या. त्या नव्हत्या. मोरी खचली, वरची माती बसली. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली म्हणून सकाळ तरी उजाडली. लोंढा खाली खडकवासल्यावर आदळला. इंग्रजांच्या काळचं ते दगडी धरणही फुटलं. मुठेनं पुणं धुऊन नेलं. शहराला कुणी वेळेत धड सावधसुद्धा केलं नाही.

माझी आजी तेव्हा नदीकाठच्या झोपडीत होती. मी विचारलं, आजे, काय वाचवलंस? म्हणाली, "पोर काखेत घेतलं, बाबासाहेबांचा फोटू डोक्यावर धरला. रेशनकार्ड राह्यलं." मग कितीक महिने तिला एकच विचारत राहिले : तू इथं राहत होतीस कशावरून? माडीवाल्याचं घर पडलं तर जोतं उरतं दाखवायला. झोपडीचा उरतो चिखल. चिखलाला सातबारा नसतो.

म्हणतात, पाण्याला जात नसते. खरंय. पण काठावरची खोलगट जागा कुणाच्या वाट्याला आली, ते काय पाण्यानं ठरवलं?

जुनी गोष्ट झाली म्हणाल. मग २ जुलै २०१९ घ्या. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं. भेंदवाडी वाहून गेली, वीसहून जास्त माणसं मेली. धरण गळतंय म्हणून गावकरी आधीच ओरडत होते. तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं! पानशेतला सळई नव्हती, तिवऱ्याला खेकडा होता. जबाबदार माणूस कुठंच नव्हता.

१९४३ साली बंगालात दामोदर नदीचा बांध फुटला, मुलूख बुडाला. बाबासाहेब तेव्हा व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्यांच्या खात्यानं घातला. १९२७ ला चवदार तळ्याची ओंजळ घेणारा माणूस अख्ख्या नदीचा हिशोब मांडत होता. आणि आपण? गंगेला पूर आला की पुलावर उभं राहून दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघतो.

नाशिकच्या डोक्यावर गंगापूर धरण आहे. तेही मातीचं. ते फुटणार असं मी म्हणत नाही, भ्या घालायला आलो नाही. पण २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं मोठ्या धरणाला आपत्कालीन आराखडा लागतो. तो मागा. मराठीत मागा. म्हणा, क्यूसेक आम्हाला सांगू नका, आमच्या ओट्यावर किती पाणी चढेल ते सांगा. अंबडला रात्रपाळी करून गंगेकाठच्या खोलीत दिवसा झोपलेल्या पोराचं दार कोण ठोठावणार, ते लिहून द्या.

हुद्दा नको. नाव पाहिजे.

माणसाचं नाव आज लिहून घेतलं नाही, तर उद्या कागदावर खेकड्याचं नाव येईल. आणि खेकडा, दोस्तांनो, कोर्टात येत नसतो.

जयभीम.