किल्ल्या कोणाकडे?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आपल्या सोसायटीचा हिशेब आता संगणकावर, जँगो नावाच्या फ्रेमवर्कवर चालतो. गेल्या वर्षी एका सभासदाच्या थकबाकीवरचं व्याज नोंदीतून गायब झालं. कोणी काढलं? इतिहासात नाव दिसलं 'अ‍ॅडमिन'. त्या एका नावाने पाच जण आत जात होते! पण बोटं मॅनेजरसाहेबांकडेच वळली. ते महिनाभर मान खाली घालून वावरले.

बँकेत आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोघांकडे एकेक. त्यात कुणाचा अपमान नसे. रोकड कमी भरली तर एकट्यावर आळ येत नसे, एवढंच.

जँगोत ही सोय आहे. 'स्टाफ' ही खूण केली की माणूस फक्त दारातून आत येतो. परवानग्या दिल्याशिवाय त्याला काहीच करता येत नाही. प्रत्येक प्रकारच्या नोंदीला चार परवानग्या असतात: पाहणे, भर घालणे, बदलणे, काढून टाकणे. 'सुपरयूजर'ला मात्र सगळं आपोआप मोकळं. आपल्याकडे पाचही जण सुपरयूजर!

मॅनेजरांना पावत्यांची भर घालू द्या, काढून टाकू देऊ नका. खजिनदारांना बदलाचा हक्क, हिशेब तपासनीसांना फक्त पाहण्याचा. असे गट एकदाच करून ठेवले की माणूस बदलला तरी गट तोच राहतो. एक मात्र जपा. युजरची खाती बदलण्याची परवानगी ज्याच्याकडे, तो स्वतःलाच सुपरयूजर करून घेऊ शकतो. ही तिजोरीचीच किल्ली समजा.

आणखी एक अडचण आहे. परवानगी नोंदींच्या प्रकारावर असते, एकेका नोंदीवर नाही. 'अ' विंगच्या प्रतिनिधीने फक्त 'अ' विंगची बिलं बदलावीत, हे नुसत्या खुणांनी जमत नाही. त्यासाठी थोडा कोड लिहावा लागतो. आपल्याच इमारतीतली तरुण मंडळी ते करतील, विचारायचा अवकाश.

कमिटी बदलली की जुन्या पदाधिकाऱ्यांची खाती डिलीट करायचा मोह होतो. तसं करू नका. खात्याबरोबर त्यांनी केलेल्या बदलांचा इतिहासही पुसला जातो. 'अ‍ॅक्टिव्ह'ची खूण काढा, बस्स.

पुढच्या वर्षी निवडणूक आहे. कोणाला काय लागतं, याची यादी त्याआधी व्हावी. स्वतंत्र नावाचं पहिलं खातं मॅनेजरसाहेबांचं काढावं, अशी माझी सूचना आहे.