साठीनंतरची चूल

ज्याची सारी हयात मुलांना अपूर्णांक शिकविण्यांत गेली, त्याला पाव चमचा आणि अर्धा चमचा यांतील अंतर वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं कळावें, ही गोष्ट फारशी भूषणावह नव्हे. परंतु ती खरी आहे, आणि आज मी जें सांगणार आहें त्याचा आरंभ तेथूनच होतो.

मी शाळेंतून निवृत्त झालों त्याच्या दुसऱ्याच वर्षीं माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. उपचारांनीं वाचा सुधारली, पाऊलहि सुधारलें. उजवा हात मात्र पूर्वस्थितीवर आला नाहीं. आजवर त्या एका हातावर आमचें सारें घर चाललें होतें, हें मला तो हात थांबल्यावर समजलें. एक महिना बाहेरून डबा आणविला. डबा वाईट नव्हता. पण ती दोन घांस खाऊन ताट बाजूला सारूं लागली, तेव्हां मीं ठरविलें कीं, आतां चुलीपुढें आपणच उभें राहावयाचें.

आमचें घराणें मूळचें मालवणकडचें, वस्ती गिरगांवांत. भात, माशांची आमटी आणि सोलकढी हें आमचें नित्याचें जेवण. मीं प्रथम पुस्तक उघडलें. मास्तराला दुसरें काय सुचणार? कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' १९७० सालीं निघालें, आणि त्यानें कितीतरी नव्या संसारांना हात दिला आहे. त्याच्या बळावर वरण, भाजी, कोशिंबीर एथपर्यंत माझी मजल गेली. पण आमच्या घरची आमटी पुस्तकांत कोठून असणार? म्हणून पत्नीला विचारलें, "वाटपाला धने किती घेतेस?"

"अंदाजानें."

"अंदाज म्हणजे किती?"

"अहो, अंदाज म्हणजे अंदाज!"

गणिताच्या मास्तराला हें उत्तर म्हणजे प्रश्न टाळणें वाटलें. मीं तिला विचारावयाचें सोडलें, आणि खांद्याला पिशवी अडकवून शहराला विचारावयास निघालों.

पहिला धडा मासळीचा. कुलाब्यास ससून डॉक आहे. सूतकापसाच्या व्यापारानें प्रसिद्धीस आलेल्या ससून घराण्यानें ही गोदी १८७५ सालीं बांधिली. आतां तेथें पहाटेच्या अंधारांत मासळीचे ढीग उतरतात आणि उजाडण्यापूर्वीं लिलाव पुकारले जातात. तो सोहळा मीं एकदां पाहिला. पण शिकलों तें आमच्या बाजारांतल्या एका कोळणीपाशीं. तिच्याकडून ताजे बोंबील आणले आणि पिठांत घोळवून तव्यावर टाकले. पांच मिनिटांत तव्यावर बोंबील नव्हतेच; एक पांढुरका लगदा होता. दुसऱ्या दिवशीं तिच्याकडे गाऱ्हाणें नेलें, तेव्हां ती मनमुराद हंसली.

"मास्तर, बोंबील म्हंजे निसतं पानी! त्याला मधे चिरायचा, कांटा काढायचा, नि पाट्याखाली दाबून ठेवायचा. पानी गेलं, की मंग तवा दाखवायचा."

मीं तसें केलें. पाट्याखालून खरोखरच वाटीभर पाणी निघालें. मग मीठ, हळद, तिखट लावून, तांदळाच्या पिठांत रवा मिसळून तळले, तों काय कुरकुरीत झाले म्हणून सांगूं! तेव्हां लक्षांत आलें कीं, पदार्थांत काय घालावें एवढेंच मी आजवर विचारीत होतों. त्यांतून काय काढावयाचें हें विचारावयाचें मला सुचलें नव्हतें. वर्सोव्याला दोऱ्यांवर आणि बांबूंवर सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगा पाहिल्या म्हणजे हीच गोष्ट पुन्हा दिसते. पावसाळ्यांत होड्या बंद, म्हणून उन्हाळ्यांतच पाणी काढून मासा राखून ठेवावयाचा. मुंबई हें सात बेटांचें शहर होण्याच्याहि आधींपासून कोळी येथें आहेत. तेव्हां या नगरींतील जुन्यांत जुनी पाकशाळा त्यांचीच म्हटली पाहिजे.

दुसरा धडा लालबागचा. मार्च उजाडला कीं तेथील मिरचीच्या गल्लींत शिरणाऱ्याला आधीं शिंक येते आणि मग दुकान दिसतें. ब्याडगी, काश्मिरी, संकेश्वरी, लवंगी अशा मिरच्यांचीं पोतीं ओळीनें मांडलेलीं असतात. ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, हें मला तेथें समजलें. तोंवर मिरची म्हणजे मिरची एवढेंच माझें ज्ञान होतें. बाजूला धने, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, चक्रीफूल. गिऱ्हाईक माल घेतें, निवडतें, भाजतें आणि शेजारच्या डंकावर कुटून नेतें. मीं दुकानदाराला प्रमाण विचारलें, वहींत लिहून घेतलें, आणि वर्षाचा मसाला कुटून मोठ्या दिमाखानें घरीं आणला. पत्नीनें त्या मसाल्याची आमटी खाल्ली. चांगली म्हणाली नाहीं, वाईट म्हणाली नाहीं. ज्यांचा संसार जुना आहे त्यांना या मौनाचा अर्थ सांगावयास नको.

तिसरा धडा पावाचा. पाव हा शब्द पोर्तुगीज, आणि मुंबईस पाव आणला तो गोव्याच्या भटारी मंडळींनीं. पुढें इराणी आले. त्यांच्या हॉटेलांतून मस्कापाव आणि चहा यांची जोडी जमली. १९०४ सालचें कयानी आणि १९२३ सालचें ब्रिटानिया यांचीं नांवें आपणांस ठाऊकच आहेत. एका सकाळीं वडापाव खातां खातां मीं त्याचा हिशेब मांडिला. बटाटा दक्षिण अमेरिकेंतला, मिरचीहि अमेरिकेंतलीच, सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर आलेली, पाव पोर्तुगीजांचा. आपल्या मातींतलें म्हणावें तर हळद आणि लसूण. त्यांतहि लसूण मूळची मध्य आशियांतली. आणि तरीहि दादरच्या फलाटावर उतरलेल्या मनुष्याला वडापाव परका आहे असें सांगून पाहा! जो पदार्थ आपण आपला म्हणून जिवापाड जपतों, तो बहुधा कोणाच्या तरी गांठोड्यांतून आलेला असतो. हें कळल्यापासून "आमच्याकडे असें करीत नाहींत" हें वाक्य मी जरा जपून उच्चारूं लागलों.

चौथा धडा मात्र मला विसरतां येत नाहीं. गिरणगांवांत एका जुन्या चाळींत एक वृद्ध बाई पूर्वीं खानावळ चालवीत असत. कोंकणांतून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुलें गांवीं ठेवून येत. त्यांना दोन वेळचें गरम अन्न घालणें हा तेथील शेंकडों स्त्रियांचा व्यवसाय होता. या स्त्रियांना सावकारी पाशांतून सोडविण्यासाठीं प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढिलें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढें १९८२ च्या जानेवारींत संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले. तो संप रीतसर मिटलाच नाहीं, आणि हळूहळू गिरण्यांचे भोंगे थांबले.

मीं बाईंना विचारलें, "संपांत खानावळ कशी चालविलीत?"

त्या म्हणाल्या, "पैसे येणं थांबलं मास्तर, पण भूक काय संपावर जाते? आमटी पातळ केली. मग आणखी पातळ केली. जेवणाऱ्यांनी कधी विचारलं नाही, नि मी कधी सांगितलं नाही."

मी वहींत कृति लिहावयास गेलों होतों. हें वाक्य कोणत्या रकान्यांत लिहावें तें मला कळेना.

थोड्या वेळानें त्यांनींच विचारलें कीं, या वयांत हा खटाटोप कशासाठीं. मीं सारी हकीकत सांगितली. कोळीण, लालबाग, प्रमाणांची वही, सर्व कांहीं. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच म्हटलें, "आणि घरच्या बाईंना विचारलंत का?"

"विचारलें. त्या अंदाज म्हणतात."

"मग बरोबरच सांगतात."

त्या संध्याकाळीं घरीं येऊन मीं पत्नीपुढें वही ठेवली. तिनें डाव्या हातानें पानें उलटलीं. दोनअडीचशें पानें भरलेलीं होतीं. शेवटीं ती म्हणाली, "सगळ्या मुंबईला विचारून आलांत. मी घरांतच होतें."

श्रोतेहो, तिच्या आवाजांत राग नव्हता. असता तर सोसवला असता. हात गेला त्याचें दुःख तिनें कसेंबसें गिळलें होतें. पण हाताबरोबर आपलें शहाणपणहि निकामी झालें असें घरानें मानावें, आणि तें मानणारा मी असावें, हें तिला लागलें होतें. मी बाहेर जाऊन जें जें शिकत होतों तें तें मोठ्या उत्साहानें तिच्यापुढें मांडीत होतों. चाळीस वर्षें ज्या बाईनें बोंबील दाबून तळले, तिला मी बोंबील कसे दाबावे तें समजावून सांगत होतों! आणि ती ऐकून घेत होती.

पुढच्या उन्हाळ्यांत मीं टॅक्सी केली आणि तिला लालबागला नेलें. दुकानदारानें स्टूल दिलें. ती मिरची डाव्या हातानें मोडी, बी पाही, वास घेई आणि मान हलवी. ब्याडगी वाढविली, संकेश्वरी कमी केली. घरीं धने भाजावयास घेतले, तेव्हां ती खुर्चींत डोळे मिटून बसली होती. रंग अजून पालटलाहि नव्हता, तों ती म्हणाली, "पुरे!" मी दोन मिनिटें उशिरां थांबत असे, माझ्या मसाल्याला जो किंचित् कडवटपणा येत होता तो तेथला होता.

आतां मास्तराची खोड एकदम कशी जाणार? ती डाव्या हातानें परातींत मीठ टाकी, तें मी चोरून तोलून पाहिलें. तीन दिवसांचीं तीन वजनें जवळ जवळ सारखीं भरलीं. खोबऱ्याचें माप मात्र रोज निराळें. कारण विचारलें तर म्हणाली, "नारळ रोज निराळा असतो." तेव्हां कोठें माझ्या डोक्यांत प्रकाश पडला. वर्गांत मी मुलांना नेहमीं बजावीत असें कीं, नुसतें उत्तर लिहूं नका, रीत दाखवा. गुण रीतीला आहेत. आणि स्वतः घरीं मात्र उत्तर मागत बसलों होतों. अंदाज ही रीत होती. ती मांडण्यास तिच्याजवळ कागद नव्हता, हात होता.

असो. हें ऐकून आपण शहर पाहावयास जाऊं नये असें मला म्हणावयाचें नाहीं. उलट अवश्य जावें. आपापल्या शहरांत हॉटेलांच्या पाट्यांपलीकडे जाऊन कोळणीला, डंकवाल्याला, भटारखान्यांतल्या कारागिराला विचारावें. हीं माणसें विचारलें तर हातचें राखून ठेवीत नाहींत, पण न विचारतां सांगतहि नाहींत. गिरण्या गेल्या, खानावळी गेल्या; लाकडावर चालणाऱ्या पावाच्या भट्ट्या बदलण्यास २०२५ सालीं उच्च न्यायालयानें मुदत घालून दिली. शहराच्या हवेसाठीं तें योग्यच आहे; पण त्या भट्टीपुढें उभें राहून जें कळतें तें विचारून ठेवण्याची वेळ आतांच आहे. फक्त निघण्यापूर्वीं आपल्या स्वयंपाकघरांत कोणी बसलें आहे काय, तें एकदां पाहून घ्यावें.

आमच्या घरीं आतां स्वयंपाक दोघांचा असतो. हात माझे, नाक तिचें. गेल्या रविवारीं आमटी वाढल्यावर ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मी जुन्या अनुभवानें घाबरलों. मग तिनें वाटी पुढें केली आणि म्हणाली, "आणखी थोडी वाढा."

किती, तें मीं विचारलें नाहीं.