पाण्याचा निर्णय कोणी करावा?



आपले दिवा हे खाडीकाठचे सखल गाव. पावसाळ्यात भरतीच्या वेळी जोराची सर आली की पाणी चाळीचा उंबरठा ओलांडते. अशा वेळी धान्याचा डबा माळ्यावर चढविणारी, लेकराला कडेवर घेऊन रात्र काढणारी कोण? आणि उन्हाळ्यात टँकरपुढे हंडा घेऊन ताटकळणारी कोण? उत्तर मी सांगावयास नको.

पृथ्वी तापत आहे, समुद्र चढत आहे. म्हणून जगातील राष्ट्रे 1995 पासून परिषदा भरवीत आली आहेत. प्रतिनिधींत स्त्रियांची संख्या वाढावी, असा ठराव 2001 साली माराकेश येथे झाला. पुढे 2014 मध्ये लिमाचा कार्यक्रम आला, 2017 मध्ये बॉनचा कृती-आराखडा आला. एवढे होऊनही जानेवारी 2024 मध्ये बाकू परिषदेसाठी अझरबैजानने जी आयोजन समिती नेमली, तिच्यात 28 सदस्य होते आणि अठ्ठावीसही पुरुष! निषेध झाला, तेव्हा काही दिवसांतच 12 स्त्रिया घेण्यात आल्या. म्हणजे योग्य स्त्रिया होत्याच. त्यांना बोलावणे तेवढे राहून गेले होते!

दिव्याच्या बाईला बाकूशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. तापत्या जगाशी जुळवून घेण्यासाठी जो पैसा उभा राहील, तो बंधाऱ्यावर खर्चावा की दारच्या नळावर? पुराची सूचना घरधन्याच्या दूरध्वनीवर आली आणि तो कामावर असला, तर घरातल्या बाईला ती कोण सांगणार? हे प्रश्न पाण्यात उभी राहिलेली बाईच विचारू शकते.

पाण्याचा प्रश्न आपणांस नवा नाही. 1927 साली महाडला चवदार तळ्यावर जो लढा झाला, तो तहानेचा नव्हता, हक्काचा होता. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेबांनी महाडला स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले, हे विसरू नका.

महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण पुष्कळ ठिकाणी खुर्ची पत्नीची आणि आवाज पतीचा, असे चालते. बंधूंनो, हे तुम्हांलाच सांगत आहे.

तेव्हा नाल्याची वा टँकरची सभा भरेल, त्या दिवशी घरातील स्त्रीला पाठवा; स्वयंपाक तुम्ही करा. पाणी किती वाजता आले, उंबरठ्यावर किती बोटे चढले, हे तिने वहीत टिपून न्यावे व सभेत उभे राहून वाचून दाखवावे.