धडधाकटाचा रिपोर्ट

गिरगावपासून लालबागपर्यंत दवाखाने चालवणाऱ्या मित्रांनो,

आभाराची वाक्यं तुम्हाला पाठ आहेत, ती गाळतो. मला एका कागदाबद्दल बोलायचंय. 'फुल बॉडी चेकअप'च्या फाइलमधून हल्ली तो निघतो : एच. पायलोरी, आयजीजी पॉझिटिव्ह. आणणारा माणूस धडधाकट. वडापाव पचतो, झोप लागते. जळजळ सुरू झाली ती रिपोर्ट हातात पडल्यावर!

एच. पायलोरी हा जठरातला जंतू, आयजीजी ही त्याच्याविरुद्ध रक्तात सापडणारी प्रतिपिंडं. 1990च्या दशकात मुंबईत या रक्ततपासणीची एक पाहणी झाली. पाच वर्षांखालच्या 22 टक्के, पाच ते नऊ वयाच्या 56 टक्के आणि दहा ते एकोणीस वयाच्या 87 टक्के मुलांत या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे चाळीतल्या एका खोलीत सात-आठ माणसांत वाढलेले आपण बहुतेक सगळे त्यातले. हात वर करायला सांगत नाही. हा जंतू लहानपणी, बहुधा घरातूनच लागतो आणि औषध दिलं नाही तर सहसा जन्मभर मुक्काम ठोकतो. जवळजवळ प्रत्येकाच्या जठराला सूज येते. अल्सर मात्र शंभरातल्या दहा-वीस जणांनाच होतो, कॅन्सर एखाद-दुसऱ्याला. त्यातही आपल्याकडे जठराच्या कॅन्सरचं प्रमाण जपान-कोरियापेक्षा कितीतरी कमी. का, याचं पटणारं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

स्वतःवर प्रयोग करणं नवं नाही : प्लेगची लस हाफकिन यांनी जानेवारी 1897मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था इथे परळलाच आहे. त्याच जातकुळीचे बॅरी मार्शल 1984मध्ये, एच. पायलोरी रोग करतो हे दाखवायला, तो जंतू प्यायले. काही दिवसांत मळमळ, उलट्या आणि जठराला सूज. या जंतूच्या शोधासाठी 2005मध्ये सहसंशोधक वॉरन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पण मार्शलना अल्सर झाला नाही, हे आपण सांगायचं विसरतो.

2015च्या, तज्ज्ञांच्या क्योटो सहमतीने या जंतूमुळे येणारी जठराची सूज संसर्गजन्य रोग ठरवली. लक्षणं असोत-नसोत, अडचण नसेल तर उपचार द्यावेत असं सुचवलं. जपानला ते शोभतं. जिथे दोन जुलाब झाले की केमिस्ट मेट्रोनिडाझोलची पट्टी कापून देतो, तिथे मी कचरतो. एच. पायलोरीवरही हेच औषध वापरतात; आपल्याकडे त्याला न जुमानणारे जंतू फार, क्लॅरिथ्रोमायसिनलाही पुरून उरणारे कमी नाहीत. शिवाय आयजीजी जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गानंतरही बराच काळ पॉझिटिव्ह राहते. त्या एका कागदावर चौदा दिवस अँटिबायोटिक लिहिणं मला मान्य नाही.

मग कुणाला द्यायचं? अल्सर आहे किंवा होऊन गेलाय, आई-वडील वा भावंडांत जठराचा कॅन्सर आहे, कायमची अ‍ॅस्पिरिन सुरू करायचीय, त्यांना लक्षणं नसली तरी शोधून द्या. पण आधी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करा. एंडोस्कोपीच्या खोलीत तुम्ही पाहिलं असेल : जठराचा तांदळाएवढा तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकला की जंतूच्या युरिएजने ते गुलाबी होतं. पेशंट रोज सकाळी 'पित्ताची गोळी' म्हणून पँटोप्राझोल घेत असेल तर जंतू असूनही जेल पिवळंच राहू शकतं. लालबागमध्ये ही गोळी चहाआधीच पोटात जाते, आणि विचारल्याशिवाय कुणी ती औषधांत मोजत नाही. ती दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद ठेवून मगच तपासणी.

'पुन्हा लागणारच, मग कशाला?' असं आपल्यातलेच काहीजण म्हणतात. मुंबईच्याच डॉक्टरांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की जंतू एकदा नाहीसा झाल्यावर प्रौढांना पुन्हा संसर्ग होणं विरळच. मात्र तो गेलाय हे कोर्सनंतर चार आठवड्यांनी तपासायला हवं. तिथे आपण आळस करतो. पेशंटला बरं वाटतंय, एवढ्यावर फाइल मिटते.

दुपारच्या सत्रात दोन ठराव येतील. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधून ही रक्ततपासणी काढावी, हा पहिला. कोर्स दिलेल्या प्रत्येकाची फेरतपासणी आपापल्या वहीत नोंदवून वर्षअखेरीस आकडे एकत्र करावेत, हा दुसरा. विरोध असेल त्यांनी जेवणाआधी चिठ्ठी द्यावी. जेवणानंतर कोण थांबतं, ते मला ठाऊक आहे.