राष्ट्राची पत : संकट आणि वर्तन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कर्ज देण्यापूर्वी ऋणकोची पत पाहावी, हा व्यवहार आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु ऋणको हे एखादे राष्ट्रच असेल तर? पूर्वी धनको राष्ट्राची तिजोरी आणि व्यापार पाहत. आता पृथ्वीचे हवामान पालटत असल्याने ते तेथील आकाश आणि समुद्रही पाहू लागले आहेत.

कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा हे चिमुकले राष्ट्र घ्या. २००४ साली ‘आयव्हन’ चक्रीवादळाने त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट हानी केली. कर्जाचे ओझे वाढत गेले आणि २०१३ साली हप्ते थकले. २०१५ साली धनकोंशी नवा करार झाला. मोठे वादळ आल्यास हप्ते काही काळ पुढे ढकलावेत, असे कलम त्यात घातले गेले. २०२४ साली ‘बेरिल’ वादळ कोसळले, तेव्हा तेच कलम कामी आले.

आता दुसरे उदाहरण पाहा. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने २०१९ साली कॅनडातील अल्बर्टा आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड व वेस्टर्न ऑस्ट्रेलिया यांचे रोखे विकून टाकल्याचे जाहीर केले. ही राज्ये पैसे बुडवतील अशी भीती नव्हती; ती हवा तापविणारे वायू फार सोडतात, हा आक्षेप होता.

पहिल्या उदाहरणात प्रश्न संकटाचा आहे, दुसऱ्यात वर्तनाचा. शाळेत मुलाचे प्रगतिपुस्तक लिहिताना गुणांचा रकाना वेगळा आणि वर्तणुकीचा वेगळा असतो. गळक्या घरात अभ्यास करणाऱ्या मुलाला त्या गळतीबद्दल कोणी शिक्षा करीत नाही. राष्ट्रांच्या बाबतीत मात्र तसे घडते. लंडनमधील विद्वानांनी २०१८ साली दाखवून दिले की, हवामानाचा धोका असलेली विकसनशील राष्ट्रे व्याजाच्या दर १० डॉलरमागे सुमारे १ डॉलर त्या धोक्यापायी अधिक भरतात. ज्यांनी हवा फारशी तापविली नाही, त्यांच्याच माथी हा भुर्दंड! शिवाय बंधारे आणि पक्की घरे बांधण्याचा पैसा असा व्याजात गेला, तर पुढील वादळात हानी अधिकच होणार. म्हणजे हे धनकोच्याही हिताचे नाही.

२०२३ पासून ‘ॲस्कॉर’ या नावाने राष्ट्रांची एक परीक्षा सुरू झाली आहे. तीत राष्ट्राचे वायू-उत्सर्जन, त्याची धोरणे आणि त्याचा हवामानविषयक अर्थव्यवहार हे तीन विषय निरनिराळे तपासतात. सर्वांची एकच बेरीज करून क्रमांक लावीत नाहीत. ही रीत मला न्याय्य वाटते.

बंधूंनो, बँक, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्या द्वारे आपलीही पुंजी सरकारी रोख्यांत गुंतलेली असते. म्हणून हा विषय परका नव्हे. आपल्या शिक्षणनिधीतून कर्ज देतानाही हाच विवेक असावा. अर्जदाराचे वर्तन कसोशीने तपासा. पण त्याच्या संकटावर व्याज आकारू नका, एवढीच विश्वस्तांस माझी विनंती आहे.