कोळंबीचे झटपट सुके

उदरनिर्वाहाच्या निमित्ताने कोकणकिनारा सोडून समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या बंगळुरात मुक्काम केलेल्या मराठी कुटुंबांना सागराचे सान्निध्य दुरावले असले, तरी कोळंबीला मुकण्याचे कारण नाही. कारण मंगळूर आणि मलपे येथील बंदरांवरचा माल या शहरी दाखल होतो आणि शिवाजीनगरातील रसेल मार्केटात मासळीचा बाजार भरतो.

कवच चकचकीत, डोके घट्ट आणि वास उग्र नसलेली कोळंबीच घ्यावी. ती सोलून, पाठीवर हलकी चीर देऊन आतला काळा दोरा काढण्याच्या कामी मुळीच हयगय करू नये. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीस हळद, मीठ, लाल तिखट आणि आले-लसणाचे वाटण चोळून ती दहा मिनिटे ठेवावी. तेवढ्या अवकाशात भात शिजत घालावा. मग खोबरेल तेलात ठेचलेला लसूण व बारीक चिरलेला कांदा परतून, चार आमसुले आणि कोळंबी घालून, मध्यम आचेवर चार-पाच मिनिटेच शिजवावी. प्रथिनांशी बद्ध असलेले ॲस्टाझँथिन हे रंगद्रव्य उष्णतेने मुक्त होताच करडी कोळंबी तांबूस होऊन किंचित वळते. पाकसिद्धीची खूण तीच. त्यापुढे आच दिल्यास ती चिवट होते.

शेवटी ओले खोबरे व कोथिंबीर पेरावी आणि वाफाळत्या भाताबरोबर सर्वांनी एकत्र बसून, गरम असतानाच कोळंबीचा आस्वाद घ्यावा, ही आग्रहाची विनंती.